‘वयामुळे दुखतंय, काका’: स्पोर्ट मोटरसायकल आरामदायी करून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

पुण्याच्या एका उपनगरातील मॉडिफिकेशनच्या दुकानाने माझ्या यामाहा आर१५ या मोटरसायकलवर ‘ज्येष्ठ रायडर्ससाठी कम्फर्ट पॅकेज’ बसवण्याचे २८,००० रुपये घेतले आणि त्या मोबदल्यात फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या नळ्यांच्या) मापाला न बसणारे हँडल, जेलच्या नावाखाली चुऱ्याचा फोम, अर्धवट जोडलेले फुटरेस्ट आणि मुळात झालेच नाही असे एक काम माझ्या गळ्यात मारले. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्याने दुकानाचे नाव येथे देत नाही. साठीच्या आसपासच्या ज्या रायडर मित्रांशी या विषयावर बोललो, त्यांच्यापैकी काहींनी दुसऱ्या शहरांतील दुकानांबद्दल असेच सांगितले, म्हणून ही पद्धत तपशिलाने मांडणे मला आवश्यक वाटते.

गाडी २०१९ सालची, आर१५ची तिसरी आवृत्ती. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि ती माझ्याकडे आली. गाडी उत्तम आहे, पण तिची बैठक विशीतल्या शरीरासाठी आखलेली आहे. दोन्ही बाजूंचे क्लिप-ऑन, म्हणजे सुटे, हँडल वरच्या टीच्या (फोर्कच्या दोन्ही नळ्या जोडणाऱ्या आडव्या भागाच्या) खाली फोर्कला कड्याने आवळलेले असल्यामुळे हात खाली जातात, सीटची उंची ८१५ मिलिमीटर असल्यामुळे कंबर वर राहते, फुटरेस्ट मागे आणि उंच असल्यामुळे गुडघा घट्ट दुमडतो, आणि धडाचा बराचसा भार मनगटांवर येतो. तरुण माणूस पोट आणि पाठ यांच्या स्नायूंवर धड तोलून धरतो. एकसष्टाव्या वर्षी ते स्नायू तेवढा वेळ साथ देत नाहीत, मग मनगट, मान आणि खांद्यांमधली जागा बोलू लागते. हँडल २५ ते ३० मिलिमीटर वर आणि थोडे मागे आणले, सीटचा फोम योग्य घनतेचा घातला आणि फुटरेस्ट किंचित खाली घेतला, तर गाडीचा स्वभाव न बिघडवता हा त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणजे मागणी अवाजवी नव्हती आणि काम होण्याजोगे होते, हे आधी स्पष्ट केलेले बरे, कारण ‘या वयात कशाला स्पोर्ट बाइक’ हा शेरा मला दुकानदारापेक्षा नातेवाइकांकडूनच अधिक ऐकावा लागला.

दुकानातील मांडणी प्रभावी होती. मालकाने मला गाडीवर बसवून बाजूने छायाचित्र काढले, टॅबलेटवर कोपर, कंबर आणि गुडघा यांच्यावर रेषा ओढून कोन दाखवले आणि ‘काका, तुमचा बॅक अँगल चुकतोय, आपण शास्त्रशुद्ध करू’ असे सांगितले. त्या कोनांचा पुढे बसवलेल्या कोणत्याही सुट्या भागाशी काहीही संबंध नव्हता, हे नंतर उघड झाले. अंदाजपत्रकात इटलीहून मागवलेले सीएनसी (संगणकचालित यंत्रावर कातलेले) हँडल, वैद्यकीय दर्जाचे जेल असलेली सीट, फुटरेस्ट खाली घेण्याच्या प्लेट आणि पुढच्या फोर्कमध्ये हलके ऑइल घालून सस्पेन्शन मऊ करणे अशा चार बाबी होत्या. ते अंदाजपत्रक त्याच टॅबलेटवर दाखवले गेले, हातात दिले गेले नाही. पैसे यूपीआयने घेतले, तेही दुकानाच्या नाही तर एका व्यक्तीच्या खात्यावर. आणि पक्के बिल मागितल्यावर ‘जनरल सर्व्हिसिंग व लेबर’ एवढेच लिहिलेली, जीएसटी क्रमांक नसलेली पावती मिळाली. ‘पार्टचं बिल इम्पोर्टरकडून येतंय’ हे उत्तर अखेरपर्यंत बदलले नाही.

गाडी घरी आणल्यानंतर मनगटाचे दुखणे कमी होण्याऐवजी डाव्या हातात मुंग्या येऊ लागल्या, आणि उजव्या घोट्यात पूर्वी कधी नसलेली कळ सुरू झाली. या टप्प्यावर दुकानाने जे केले तो या फसवणुकीचा गाभा आहे. प्रत्येक तक्रारीवर मालकाचे उत्तर एकच होते: ‘काका, सेटिंग परफेक्ट आहे, वयामुळे थोडं दुखणारच, शरीराला सवय होऊ द्या.’ इंजिन आवाज करत असेल तर तो दुसऱ्याला ऐकवता येतो, गाडी ॲव्हरेज देत नसेल तर ते मोजता येते. आरामाचे तसे नाही. तो फक्त ग्राहकाच्या शरीराला कळतो, आणि ग्राहक वयस्कर असला की त्याच्या शरीराची साक्षच संशयास्पद ठरवता येते. कामातला दोष अशा रीतीने गिऱ्हाइकाच्या वयाच्या खात्यावर टाकला जातो, आणि सभ्य माणूस दुसऱ्यांदा तक्रार करायला संकोचतो. दुकानाचा भरवसा या संकोचावर असतो.

पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत असताना एका वळणाआधी ब्रेक लावला, तेव्हा अंगाचा भार हातांवर आला आणि डावे हँडल हाताखालून पुढे सरकले. वेग कमी होता, म्हणून गाडी कडेला घेता आली. उभ्या गाडीवर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले, तर आणखी एक गोष्ट लक्षात आली: डावीकडे पूर्ण वळवल्यावर ॲक्सिलरेटरला हात न लावताही इंजिनाचे फेरे वाढत होते. हँडल उंचावले होते, पण केबल जुन्याच लांबीची आणि जुन्याच वाटेने नेलेली असल्यामुळे वळवताना ती ताणली जात होती. पुढच्या ब्रेकचा पाइपही त्याच टोकाला तारेसारखा ताठ होत होता. अरुंद रस्त्यावर गाडी वळवून घेताना इंजिन आपोआप रेस होणे म्हणजे काय, हे चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

गाडी नंतर ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली आणि हँडल माझ्यासमोर उतरवले. मी नोकरीची सगळी वर्षे कारखान्याच्या तपासणी विभागात काढली असल्यामुळे व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे साधन) माझ्याजवळ असतोच. या गाडीच्या फोर्कची जाडी ४१ मिलिमीटर आहे. हँडलच्या कड्याचा आतला व्यास ४३ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त भरला. मधली फट भरण्यासाठी पत्र्याची पट्टी घड्या घालून कोंबली होती. मेकॅनिकने ग्रीस पुसले, तेव्हा पट्टीवर लाल रंग आणि छापील अक्षरांचे तुकडे दिसले: तो शीतपेयाच्या डब्याचा पत्रा होता. एवढ्या पातळ आणि मऊ पत्र्यावर कडे कितीही आवळले तरी पकड समान बसत नाही. ब्रेक लावताना हातांचा रेटा आला की कडे फोर्कभोवती फिरते, आणि तेच घाटात झाले होते. फोर्कच्या रंगावर त्या फिरण्याचा अर्धगोल ओरखडाही उमटला होता. इटलीचे म्हणून विकलेले हँडल सीएनसीवर कातलेले नव्हते, तर साच्यात ओतलेले होते. कड्याच्या आतल्या बाजूला ओतकामाची खडबडीत शिवण हाताला लागत होती आणि बाहेरच्या बाजूला निळा रंग मारून ती झाकली होती. कातलेल्या भागावर हत्याराच्या बारीक, समांतर रेषा दिसतात. येथे त्या कोठेही नव्हत्या.

सीट उघडण्यासाठी नाना पेठेतल्या एका सीटवाल्याकडे गेलो. त्याने मागच्या कडेचे स्टेपल काढून रेक्झिन उलटवले आणि आतले कुशन पाहून माझ्याकडे न बघताच विचारले, ‘साहेब, जेल म्हणून किती घेतले?’ आत जेल नव्हते. हिरव्या, गुलाबी, पिवळ्या तुकड्यांचा चुरा चिकटवून दाबलेला, ज्याला बाजारात रीबॉन्ड म्हणतात तो फोम होता, आणि बोटांनी दाबल्यावर छान वाटावे म्हणून त्यावर अतिशय मऊ स्पंजाचा पातळ थर टाकला होता. दुकानात बसून पाहताना हा थर सुखद वाटतो. पण मऊ स्पंज वजनाखाली लवकरच पूर्ण दबतो, आणि मग बैठकीची हाडे खालच्या कडक थरावर टेकतात. लांबच्या प्रवासाला सीट मऊ असण्यापेक्षा पुरेशा घनतेची आणि योग्य रुंदीची असावी लागते, ही गोष्ट तो सीटवाला गेली कित्येक वर्षे गिऱ्हाइकांना सांगतो आहे आणि गिऱ्हाइके अंगठ्याने दाबून मऊ तेच निवडत आहेत, असे त्याचे म्हणणे. खरे जेल असते तरी आपल्याकडच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर ते तापते आणि बराच वेळ निवत नाही, हेही त्यानेच सांगितले. मॉडिफिकेशनच्या दुकानाने ते सांगितले नव्हते.

घोट्याच्या कळेचे कारण साधे होते: फुटरेस्ट खाली घेतला, पण मागच्या ब्रेकचे पेडल होते त्याच उंचीवर ठेवले, त्यामुळे प्रत्येक वेळी पाऊल उचलून पेडलवर न्यावे लागत होते. फोर्कचे ऑइल तर बदललेलेच नव्हते. काढलेले ऑइल काळे होते आणि वरच्या झाकणावरची जुनी धूळ आट्यांमध्ये जशीच्या तशी होती. या कामाचे ३,५०० रुपये लावले होते.

मूळ हँडल आणि मूळ सीट परत मागितली, तेव्हा ‘जुने पार्ट भंगारात गेले’ असे सांगण्यात आले. पुढच्या भेटीत त्याच दुकानाच्या काचेच्या कपाटात ‘ओरिजिनल, वापरलेले’ अशी चिठ्ठी लावलेली हँडलची जोडी दिसली. मुलगा एकदा पावसात घसरला होता, तेव्हा डाव्या बार-एंडवर (हँडलच्या टोकावरच्या टोपणावर) तिरका घासा पडून त्याची कड चपटी झाली होती. ती खूण त्या जोडीवर होती. मी तेथल्या तेथे तिचे छायाचित्र काढले. म्हणजे दुकान दोन्ही बाजूंनी कमावत होते: माझ्याकडून नव्याचे पैसे, आणि माझाच जुना भाग दुसऱ्याला विकून त्याचेही पैसे. कंपनीचे मूळ भाग काढले जातील तेव्हा ते ताबडतोब पिशवीत घालून घरी आणावेत, असे मी आता सर्वांना सांगतो, कारण ते हातचे गेले की गाडी पूर्ववत करण्याची वाटच बंद होते आणि आपण त्याच दुकानावर अवलंबून राहतो.

पैसे परत मागितल्यावर मालकाचा सूर बदलला. ‘तक्रार करा की, पण गाडी मॉडिफाय केली म्हणून आरटीओ तुम्हालाच दंड करील,’ असे त्याने सुनावले. या धमकीत अर्धे सत्य आहे, म्हणून ती परिणामकारक ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मनाई असलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीटच्या आतला फोम किंवा हँडलची उंची नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेली नसते. तरीही काम करण्यापूर्वी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणे शहाणपणाचे आहे, विशेषतः अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी अशा बदलांवर बोट ठेवू शकते म्हणून. पण ग्राहकाने बदल करून घेतला म्हणून दुकानाला त्याला खोटा माल विकण्याची मुभा मिळते, असे कोणताही कायदा म्हणत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘अनुचित व्यापारी प्रथे’च्या व्याख्येत बिल किंवा पावती न देणे याचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि माल सदोष निघाल्यावर बिलात लिहिलेल्या मुदतीत, तशी मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, तो परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हेही त्याच व्याख्येत येते. जिल्हा आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील लावणे बंधनकारक नाही. मी प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. नोटिशीत कपाटातल्या हँडलचे छायाचित्र जोडले होते. ती पोहोचल्यानंतर ‘भंगारात गेलेले’ हँडल एका मुलाबरोबर घरपोच आले. सीट आली नाही. तक्रारीसोबत यूपीआयची नोंद, ती मोघम पावती, व्हॉट्सॲपवरील संभाषण, व्हर्निअरच्या मापांची छायाचित्रे आणि त्या मेकॅनिकचे सहीनिशी लिहून दिलेले निरीक्षण जोडले आहे. लाल पत्र्याची पट्टी आणि रंगीत फोमचा तुकडा मी वेगळ्या पाकिटांत जपून ठेवला आहे.

असे काम करून घ्यायचेच असेल तर प्रत्येक भागाचे नाव, माप आणि किंमत कागदावर, जीएसटी क्रमांकासह मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, आणि दिली तर दुकानाच्याच खात्यावर द्यावी. जमिनीपासून हँडलच्या मुठीची उंची, सीटपासून फुटरेस्टचे अंतर आणि सीटपासून मुठीचे अंतर ही तीन मापे कामाआधी टेपने घेऊन लिहून ठेवावीत आणि कामानंतर त्याच जागी पुन्हा घ्यावीत. ‘सवय होऊ द्या’ या उत्तरापुढे हा कागद ठेवता येतो. गाडी ताब्यात घेताना ती चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवावे, फेरे वाढतात का ते ऐकावे, पाइप ताणला जातो का आणि अंगठा टाकी व हँडल यांच्यात अडकतो का ते पाहावे. सगळे बदल एकाच वेळी करून घेऊ नयेत, कारण मग दुखणे कोणत्या बदलामुळे आले ते कळत नाही, आणि ‘पॅकेज’ विकणाऱ्याला नेमके तेच सोयीचे असते.

गाडीवर सध्या मूळ हँडलच आहे. नाना पेठेतल्या सीटवाल्याने जुन्या वापरलेल्या सीटच्या तळावर नवा, घट्ट फोम घालून मागच्या बाजूला थोडी रुंदी दिली, आणि मेकॅनिकने ब्रेकचे पेडल व गिअरचा दांडा फुटरेस्टच्या नव्या उंचीला जुळवून दिला. या दोघांनीही पक्की बिले दिली. हँडल उंचावण्याचा विषय मी तूर्त थांबवला आहे, कारण तो करायचा तर फोर्कच्या मापाचे कडे, लांब केबल आणि लांब ब्रेक पाइप हे तिन्ही एकत्र घ्यावे लागतील, आणि पाइप बदलल्यावर एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या या गाडीच्या ब्रेकमधली हवा नीट काढून देणारा माणूस आधी शोधावा लागेल. दुकानाने आयोगापुढे अजून लेखी उत्तर दाखल केलेले नाही. त्याच्या दारावरचा ‘ज्येष्ठ रायडर्ससाठी कम्फर्ट पॅकेज’ हा फलक मात्र कायम आहे.