मुलांसाठीचे माइंडफुलनेस संच : वस्तू चांगल्या, पुस्तिका बेताची

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं. ते मुलांना खेळातून शिकवायला तयार मिळणाऱ्या या खोक्यांमध्ये थोड्याफार फरकाने त्याच गोष्टी असतात: चमकीची बाटली, फुलणारा-मिटणारा चेंडू, नाद करणारी धातूची पट्टी, पोटावर ठेवायचं मऊ खेळणं, कार्डांची गड्डी आणि मोठ्यांसाठी एक पुस्तिका. चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी हा संच घ्यावा का? वस्तूंसाठी जरूर घ्यावा. कार्डं मात्र चाळून घ्यावी लागतात, आणि पुस्तिकेत एक ढोबळ चूक हमखास सापडते. ती म्हणजे हे सगळं मूल रडायला-ओरडायला लागलं की बाहेर काढायचं. नेमकं तेव्हाच ते चालत नाही. मूल खुशीत असताना, हसत-खिदळत दहा-वीसदा खेळून झालेला खेळच रागाच्या वेळी हाताशी येतो. "जा, बाटली घेऊन कोपऱ्यात बस" म्हटलं की बाटलीची शिक्षा झाली, आणि मग मूल तिला हात लावत नाही.

बाटलीपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिच्यात होते. बाटली हलवायची आणि चमकी खाली बसेपर्यंत बघत राहायचं, हा खेळ. हलवल्यावर ती एक ते दीड मिनिटात बसली पाहिजे. विकतच्या कित्येक बाटल्यांत ती दहा सेकंदांत बसते. मुलाची नजर ठरेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. उलट गोंद जास्त झाला तर पाच मिनिटं झाली तरी पाणी गढूळच राहतं आणि मूल उठून जातं. म्हणून झाकण उघडता येणारी बाटलीच घ्यावी. ३०० मिलीच्या बाटलीला ५० ते ६० मिली पारदर्शक गोंद, दोन लहान चमचे चमकी आणि बाकी कोमट पाणी हे प्रमाण सुरुवातीला ठीक. उकळतं पाणी नको, पातळ प्लॅस्टिक वेडंवाकडं होतं. बारीक चमकी पृष्ठताणामुळे वरच तरंगत राहते, त्यावर भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब पुरतो. दोन-तीन पडले की नुसता फेस. वर बोटभर जागा रिकामी ठेवा, काठोकाठ भरलेली बाटली नीट ढवळली जात नाही. चमकी भरभर बसत असेल तर गोंद वाढवा, रेंगाळत असेल तर पाणी. मनासारखं जमलं की झाकण पक्कं चिकटवून टाका. काचेची बाटली अजिबात नको. आणि टाकून द्यायची वेळ आली तर ते पाणी मोरीत ओतू नका, चमकी म्हणजे प्लॅस्टिकच. फडक्यातून गाळून कचऱ्यात टाका.

फुलणारा चेंडू मुलांना सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात आधी मोडतोही तोच. हा चेंडू घडवणारे अमेरिकन रचनाकार चक होबरमन यांच्या मूळ रचनेच्या स्वस्त नकला सांध्यांवर सुटतात आणि बोटं चिमटतात, त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात तो मोठ्यांनी धरूनच द्यावा. फुलवताना श्वास आत, मिटवताना बाहेर. बाहेर सोडणं किंचित लांब असावं: तीन आकडे आत, चार बाहेर. पाच श्वास झाले की थांबायचं. "खोल, अजून खोल" असा धोशा लावला की मुलं जोरजोरात श्वास घेतात आणि गरगरायला लागतं. त्यापेक्षा चेंडू मुलाच्याच हातात द्या आणि आपण त्याच्या तालावर श्वास घ्या. मूल मुद्दाम सुसाट मिटवतं, आपण धापा टाकतो, मूल हसतं, मग आपोआप वेग उतरतो. नाक चोंदलेल्या, दम्याच्या किंवा श्वासाकडे लक्ष दिलं की घाबरणाऱ्या मुलाशी हा खेळ नको. त्याऐवजी तळपाय जमिनीला कुठेकुठे टेकलेत ते शोधायला सांगा.

नादाची पट्टी बहुतेक वेळा उत्तम निघते. घेताना वाजवून पाहा, नाद किमान १५ सेकंद टिकायला हवा. आवाज संपला की हात वर, एवढाच खेळ. "मला अजून येतोय!" अशी चढाओढ होतेच, होऊ द्या, ऐकणं चालूच असतं. डोळे मिटायची सक्ती नको. वर्ग गप्प करायला हीच पट्टी वापरलीत तर मात्र तिच्यातली गंमत गेलीच म्हणून समजा.

मऊ खेळणं १५० ते २०० ग्रॅमचं असावं. पिसासारखं हलकं असेल तर पोटावर जाणवतच नाही आणि घसरून पडतं. मूल उताणं झोपतं, श्वासाबरोबर पोट वरखाली होतं, त्या झोक्यावर खेळण्याला झोपवायचं, एवढंच.

आता कार्डं. खोक्यावर स्वतःशी मायेने वागायला शिकवण्याचा दावा असतो आणि आत असतं "मी सर्वांत हुशार", "मला सगळं जमतं". ही शाबासकी झाली. गणित चुकलेल्या मुलाला ते वाचून उलट खोटं वाटतं. स्वतःशी मायेने वागण्याची मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये जी रचना मांडली तिच्यात तीन धागे आहेत: जे होतंय ते ओळखणं, असं सगळ्यांचंच होतं हे जाणणं, आणि स्वतःशी प्रेमाने बोलणं. हे तिन्ही ज्या गड्डीत दिसतील ती ठेवा. नसतील तर एक बाहुली पुरेशी आहे. बाहुलीचा मनोरा कोसळतो आणि ती स्वतःला म्हणते, "मी मठ्ठच आहे." मुलाला विचारायचं, "हिला काय सांगशील?" उत्तर येतं, "अगं, माझा पण पडतो. परत लावू." हे मुलाचे स्वतःचे शब्द. काही दिवसांनी त्याचा मनोरा पडला की हळूच विचारायचं, "बाहुलीला काय म्हणाला होतास?" फुरंगटून बसलेलं असेल तर तेव्हा नको, मागाहून. काही संचांत फुलपाखरू-मिठीचं कार्ड असतं: हात छातीवर आडवे, तळवे दंडांवर, आळीपाळीने हलक्या थापा. लहानांनाही ते पटकन जमतं.

खोक्यावर "चिंता नाहीशी, एकाग्रता दुप्पट" असं काही छापलेलं असेल तर मनावर घेऊ नका. ब्रिटनमधल्या शाळांत ८००० हून जास्त मुलांवर झालेल्या मायरिअड चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात माइंडफुलनेसचे तास शाळांतल्या नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा (भावना ओळखणं, इतरांशी जुळवून घेणं शिकवणारे तास) सरस ठरले नाहीत. ती मुलं या संचांच्या वयापेक्षा मोठी होती आणि घरचा सराव त्यांनी फारच कमी केला, हेही खरं. सतत घाबरणाऱ्या, झोप-भूक उडालेल्या मुलाला खोका नाही, तज्ज्ञ लागतो.

एका वेळी एकच खेळ, तीन ते पाच मिनिटं. मूल "नको" म्हणालं तर नको. वाळूचं घड्याळ किंवा बक्षिसाचे स्टिकर असलेला महागडा संच घेऊ नका. स्टिकर आला की मुलं शांत बसल्याचं नाटक करतात. पट्टी, चेंडू आणि बाहुली सुटी मिळत असतील तर तेवढीच घ्या. बाटली घरी मुलांसोबत बनवा, मात्र गोंद मोजायचं काम स्वतःकडे ठेवा.