चॉकलेट केक: स्लो कुकर, प्रेशर कुकर की ओटीजी?

घरात ओव्हन नाही आणि चॉकलेट केक करायचाय, तर महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं: कुकरची शिट्टी काढा, रिंग काढा आणि तळाशी मीठ पसरा. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या ओट्यावर मात्र स्लो कुकर, म्हणजे तासन् तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं असतं. राजमा आणि मटण त्यात छान होतात, मग केक का नाही, हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आता स्लो कुकर भारतातही ऑनलाइन सहज मिळतो, त्यामुळे इथलेही लोक विचारतात की केकसाठी तो घ्यावा का.

माझं मत आधीच सांगते. केवळ केकसाठी स्लो कुकर विकत घेऊ नका. घरात असेल तर त्यात चॉकलेट केक जरूर करा, पण क्रीम लावून, मेणबत्त्या खोचून मिरवायचा केक त्यात करायला जाऊ नका. त्यात उत्तम होतो तो ओलसर, जडसर, गरम गरम वाटीत घेऊन चमच्याने खायचा केक. तो हवा असेल तर ओटीजीपेक्षाही, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनपेक्षाही, स्लो कुकर बरा. बाकी सगळ्यासाठी दुसरी भांडी बरी.

उष्णता कुठून येते

स्लो कुकरमध्ये चिनी मातीचं जाड भांडं असतं आणि बाहेरच्या कवचात, बहुधा भिंतीलगत, कॉइल असते. तीन ते सहा लिटरच्या कुकरची ताकद साधारण २०० ते ३०० वॅट, म्हणजे इस्त्रीपेक्षाही कितीतरी कमी. त्यावर ‘लो’ आणि ‘हाय’ असं लिहिलेलं असलं तरी दोन्ही शेवटी पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपासच पोचतात. फरक पडतो तो तिथवर जायला लागणाऱ्या वेळात.

केकचं पोट शिजायला तेवढी उष्णता पुरते, कारण ओव्हनमधल्या केकचा मध्यभागही ९५ ते ९९ अंशांवरच तयार होतो. अडतं ते वरच्या पापुद्र्याशी. तांबूस कवच धरायला पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे जावा लागतो, आणि वाफ कोंडलेल्या भांड्यात ते शक्यच नाही. स्लो कुकरमध्ये व्हॅनिला केक केला तर तो आजारी माणसासारखा पांढराफटक दिसतो. चॉकलेट केक मुळातच काळा, त्यामुळे तिथे ही उणीव झाकली जाते. शिवाय कोको आधीच भाजलेला असतो, म्हणजे कवचातून येणारी खरपूस चव थोडीफार पिठातूनच मिळते. त्यात अर्धा कप कडक गरम कॉफी घातली की चवीची तक्रार जवळजवळ उरत नाही.

हे उपकरण मुळात केकसाठी नव्हतंच. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी चोलंटचं, म्हणजे कडधान्य आणि मांसाचं भांडं गावातल्या बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवत, ही आईकडून ऐकलेली हकीकत त्यामागे होती. रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणलं. तेव्हा रस्सा, डाळ, मांस ही त्याची जात. केक हा नंतरचा उद्योग.

प्रेशर कुकरमध्ये उलटं होतं. पाणी नाही, वाफ नाही, कोरडी हवा. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवला की आतली हवा १५० अंशांच्या वर सहज जाते. म्हणून कुकरच्या केकला कडा येतात, तळ खरपूस होतो, कधीकधी जरा जास्तच खरपूस होतो. वरून मात्र तिथेही आच नसते. कोकणात धोंडस, म्हणजे काकडीचा केक करताना झाकणावर निखारे ठेवायची पद्धत आहे ती याचसाठी. खालून-वरून दोन्हीकडून आच देणारं या तिघांत फक्त ओटीजी.

केक मध्ये खचतो तो का

स्लो कुकरमधल्या केकची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही: कडेला फुगला, मध्ये खड्डा. कारण वेळेचं आहे. सोडा आणि दही (किंवा व्हिनेगर) एकत्र आले की वायू लगेच सुटायला लागतो. ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटांत मैदा आणि अंडी घट्ट व्हायला लागतात आणि ते बुडबुडे जागच्या जागी अडकतात. स्लो कुकरमध्ये पीठ तासभर नुसतं कोमटच असतं. तोवर वायू निघून गेलेला असतो.

म्हणूनच आपल्याकडचा बिनअंड्याचा, दही-सोड्याचा केक स्लो कुकरमध्ये सहसा निराश करतो. तुमच्या घरी केक बिनअंड्याचाच होत असेल तर निवड इथेच संपली. प्रेशर कुकर किंवा ओटीजी घ्या. अंडी चालत असतील तर दोन अंडी सांगाडा धरून ठेवतात, आणि सोड्याऐवजी मुख्य भार बेकिंग पावडरवर टाकला की बराच फरक पडतो, कारण तिच्यातला काही वायू उष्णता लागल्यावरच सुटतो.

साडेतीन लिटरच्या भांड्यासाठी माझं प्रमाण असं: मैदा सव्वाशे ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, दोन अंडी, अर्धा कप तेल, पाव कप दूध, अर्धा कप गरम कॉफी, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूट मीठ. अंडी आणि दूध फ्रिजमधून काढून तसंच घालू नका. कॉफी शेवटी घालून पीठ कोमट राहिलं तर तापण्यातला बराच वेळ वाचतो. पिठाचा थर तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जाड नको. सहा लिटरच्या लांबट भांड्यात हेच पीठ पसरून पातळ होईल आणि लवकर शिजेल, तेव्हा तिथे दीड तासापासूनच डोकावायला लागा. आणि ‘लो’वर ठेवून कामाला निघून जाणं केकच्या बाबतीत विसरा. कच्च्या अंड्याचं पीठ तासन् तास कोमट ठेवणं तब्येतीलाही बरं नाही. ‘हाय’वर पावणेदोन ते अडीच तास, एवढंच.

झाकणाखालचं पाणी

पाणी आवरलं नाही तर चांगलं प्रमाणही फुकट जातं. काचेच्या झाकणाला वाफ लागते, थेंब जमतात आणि केकवर टपटपतात. वरचा थर मग ओल्या साबणासारखा चिकट होतो. ढोकळा करताना झाकणाला फडकं बांधतात ना, तेच इथे करायचं: कोरडा सुती पंचा दुहेरी करून झाकणाखाली ताणायचा आणि चारी टोकं वर घेऊन मुठीपाशी गाठ मारायची. टोकं खाली लोंबू देऊ नका, कवच चांगलंच तापतं. तासाभराने पंचा ओला झालेला दिसेल, तेव्हा चटकन दुसरा लावा. पण सारखं झाकण उघडू नका, एवढ्याशा वॅटवर गेलेली उष्णता परत भरायला वेळ लागतो.

बऱ्याच स्लो कुकरची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापते. तिथली कड करपते आणि मध्य कच्चा राहतो. त्या बाजूला ॲल्युमिनियम फॉइलची पाच-सहा पदरी पट्टी उभी लावली की आच सारखी होते. तळाला आणि भिंतीला कागद लावाच, नाहीतर त्या खोल भांड्यातून केक अख्खा निघणार नाही. दुकानात बटर पेपर म्हणून मिळणाऱ्यांपैकी काही नुसतेच गुळगुळीत असतात, केकला चिकटून बसतात. त्यांना तेलाचा हात लावून घ्या. कागदाची दोन टोकं बाहेर ठेवली तर तीच धरून केक उचलता येतो.

झाला की नाही हे काडी घालून बघताना मध्यावर बंद्या रुपयाएवढा चमकता ओला डाग राहिला असेल, तरी बटण बंद करा. चिनी मातीचं भांडं अर्धा तास तरी उष्णता धरून ठेवतं, तेवढ्यात तो शिजतो. भांडं बाहेर काढलंत तर लाकडी पाटावर ठेवा. ओल्या, गार ओट्यावर ठेवलेलं तडकू शकतं.

हा केक दुसऱ्या दिवशीही मऊ असतो. प्रेशर कुकरचा केक फडक्यात झाकून ठेवला तरी संध्याकाळपर्यंत कडेला कोरडा पडायला लागतो. ओलाव्यात मात्र बुरशीही लवकर धरते, त्यामुळे मुंबई-कोकणच्या दमट हवेत उरलेला केक फ्रिजमध्येच ठेवा.

प्रेशर कुकरचं चांगलं-वाईट

वेळ कमी, हा मोठा फायदा. दहा मिनिटं तापवणं आणि मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं. पाच लिटरच्या कुकरमध्ये सहा इंची डबा सुटसुटीत बसतो. तळाशी दीड कप मीठ किंवा वाळू, वर जाळी, जाळीवर डबा. फुगवटा चांगला येतो, सुरीने सरळ काप पडतात, आडवा कापून मध्ये क्रीमही भरता येतं.

पण बहुतेक कुकरच्या माहितीपुस्तिकेत ‘पाण्याशिवाय कुकर तापवू नका’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि आपण नेमकं तेच करत असतो. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जास्त तापल्यावर वितळावा म्हणूनच बनवलेला असतो. आच मोठी राहिली तर तो केकसाठी आपला जीव देईल, आणि मग उद्याच्या वरणभाताला झाकण निकामी. रिंग काढायची राहिली तर रबर जळतं. ॲल्युमिनियमचा कुकर काळवंडतो. त्यात मीठ तसंच राहून ओल धरली तर तळाला बारीक खड्डे पडतात, म्हणून गार झाल्याबरोबर मीठ काढून बरणीत भरा, ते पुढच्या केकला चालतं. मला विचाराल तर रोजचा कुकर या कामाला जुंपूच नका. जाड बुडाची कढई आणि तिच्यावर घट्ट बसणारं जड झाकण, बाकी सगळी कृती तीच. निकालात फरक पडत नाही आणि कढईचं काही बिघडत नाही.

इंडक्शनवर मात्र हे सगळं अवघड. भांडं कोरडं तापलं की बऱ्याच शेगड्या स्वतःहून बंद पडतात.

ओटीजी आणि बाकीचे

ओटीजीबद्दल फार सांगायला नको. १७० ते १८० अंश, ३० ते ४० मिनिटं, आणि तापमान आपल्या हातात. महिन्यातून दोनदा जरी केक, बिस्किटं, पाव करणार असाल तर पैसे यावरच घाला.

इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा प्रेशर कुकर असणाऱ्यांनी त्यातलं स्लो कुकचं बटण केकसाठी वापरू नये. त्याला फक्त खालून आच मिळते, तळ लागतो आणि वर चिखल. त्यापेक्षा खाली कपभर पाणी, जाळीवर फॉइलने झाकलेला डबा आणि प्रेशरवर अर्धा-पाऊण तास, हा मार्ग चांगला. चव स्लो कुकरच्याच केकच्या जवळ जाते. खरं तर मोदकपात्रात पाणी उकळून वाफवलेला चॉकलेट केकही त्याच घराण्यातला, आणि तो चाळीसेक मिनिटांत होतो. स्लो कुकरचा ओलसर केक खाऊन बघायची नुसती हौस असेल तर आधी मोदकपात्र काढा.

बिल, व्होल्टेज आणि भारनियमन

स्लो कुकर वीज वाचवतो असं जाहिरातीत सांगतात. रश्श्याबाबत असेल, केकला फारसं नाही. २५० वॅट अडीच तास म्हणजे जेमतेम ०.६ युनिट. १५०० वॅटचा ओटीजी तापवण्यासकट पन्नास मिनिटं चालला तरी मध्ये थर्मोस्टॅट बंद-चालू होत राहतो, म्हणून खर्च ०.८ ते १ युनिट. फरक दोन-चार रुपयांचा, त्यावरून काही ठरवू नका.

व्होल्टेज मात्र बघा. २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असतील तर तीच कॉइल जेमतेम ६० टक्के उष्णता देते. स्लो कुकरला आधीच उष्णतेची चणचण, त्यात हे. भारनियमन असलेल्या गावात अडीच तास सलग वीज मिळण्याची खात्री नसेल, तर गॅसवरची कढईच बरी. अर्धवट गार होऊन पुन्हा तापलेला केक बसतो तो बसतोच.

पुण्या-मुंबईत पेइंग गेस्ट राहणाऱ्यांचं गणित वेगळं. गॅस नाही, ओटीजीला जागा नाही आणि इंडक्शनवर कोरडं भांडं चालत नाही. मालकांची विजेच्या उपकरणाला परवानगी असेल तर तिथे स्लो कुकर खरोखर उपयोगी पडतो, कारण आठवडाभर आमटी, खिचडी, छोले आणि रविवारी केक असं सगळं एकाच भांड्यात निघतं.

आणि अमेरिकेहून परतताना तिथला क्रॉक-पॉट बॅगेत भरणार असाल तर थांबा. तो १२० व्होल्टचा असतो. नुसता पिनचा ॲडॉप्टर लावून इथल्या बोर्डात घातला तर कॉइल जवळजवळ चौपट वॅट ओढते आणि जळते. ५०० वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालेल, पण त्याचं वजन, किंमत आणि वर त्या चिनी मातीच्या भांड्याने बॅगेत खाल्लेले किलो पाहता तो तिकडेच कुणाला तरी देऊन यावा आणि इथे २३० व्होल्टचा नवा घ्यावा.