क्वार्टेटच्या स्टँडवर आयपॅड: चौघांनी घ्यावा का, आणि कोणता?

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशी चौघांची मंडळी. वाजवताना चौघांचेही दोन्ही हात गुंतलेले असतात. पान उलटायचं म्हणजे दोन-चार सूर सोडायचे. बेथोव्हनचं ओपस 131 हे क्वार्टेट घ्या. सात भाग, मध्ये कुठेही थांबा नाही, जवळपास चाळीस मिनिटं, आणि छापील पार्टमधलं (म्हणजे एकाच वाद्याच्या स्वरलिपीतलं) पान नेमकं नको तिथे संपतं. मग झेरॉक्स काढून चिकटवलेल्या घड्या स्टँडबाहेर लोंबू लागतात.

अमेरिकेतल्या बोरोमिओ क्वार्टेटने यावर आयपॅड यायच्या आधीच लॅपटॉप आणि पायाचं पेडल असा मार्ग काढला होता. त्यांचा खरा फायदा पान उलटण्यापुरता नव्हता. आपल्या पार्टऐवजी चौघांचा पूर्ण स्कोअरच, म्हणजे चारही पार्ट एकाखाली एक असलेली स्वरलिपी, समोर ठेवता आला. चेलो कुठे शिरतो हे व्हिओलाला दिसत असेल, तर तालमीतली निम्मी वादावादी वाचते. मात्र स्कोअरच्या एका पानावर संगीत थोडंच मावतं, द्रुत भागात पाय सतत चालू राहतो आणि अक्षरंही बारीक होतात. म्हणून तालमीला स्कोअर आणि मंचावर पार्ट, असा मधला मार्ग बहुतेकांना झेपतो.

आता खरेदी. 11 इंची आयपॅड घेऊ नका. पडदा जेमतेम 16 सेंटिमीटर रुंद असतो आणि वाद्य धरून अडीच फुटांवरून वाचताना डोळे ताणले जातात. 13 इंची आयपॅड एअरचा पडदा साधारण 26 बाय 20 सेंटिमीटरचा आहे. छापील पार्ट याहून मोठा असतो, पण स्वरलिपी वाचायच्या फोरस्कोअर अ‍ॅपमध्ये कोरा समास कापला की नोट्स जवळजवळ मूळ आकारात येतात. महागड्या आयपॅड प्रोचा पडदा जास्त उजळ आहे खरा, पण मंचावर उजेड कमीच करावा लागतो, नाहीतर अंधाऱ्या सभागृहात चार चेहरे खालून उजळलेले दिसतात. 2024 साली भारतात 13 इंची एअर 79,900 रुपयांपासून आणि 13 इंची प्रो 1,29,900 पासून आला. चौघांचा मिळून फरक दोन लाखांचा! स्पर्धांच्या मागे धावणाऱ्या नव्या क्वार्टेटने ते पैसे चेलोच्या विमानातल्या जादा सीटसाठी ठेवावेत.

पेडल आवाज न करणारं हवं. टकटक करणारं पेडल संथ भागात तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातं. गुळगुळीत लाकडी मंचावर ते सरकतं, खाली रबरी चटई हवीच. टाच जमिनीवर टेकलेली राहील आणि फक्त चवडा हलेल असं ठेवा. चेलोवादकाला हे सर्वांत अवघड जातं, कारण बसण्याचा तोल दोन्ही पायांवर असतो. चौघांची पेडलं एकाच मॉडेलची असतील तर एका खोलीत ब्लूटूथने एकदम जोडू नका. एकाचं दुसऱ्याच्या आयपॅडला जोडलं गेलं की दुसऱ्या व्हायोलिनचं पान व्हिओला उलटते. एकेक चालू करून जोडा, नाव बदलता येत असेल तर बदला. पाय दाबून राहिला की दोन पानं उलटतात, त्यासाठी आयपॅडच्या सेटिंगमधलं की-रिपीट बंद करा. आयपॅडवर फोकस मोड चालू (म्हणजे सूचना मध्ये येत नाहीत), ऑटो-ब्राइटनेस बंद.

हायडनच्या क्वार्टेटमधल्या पुनरावृत्तीसाठी मागे जाण्यापेक्षा तीच पानं पुढे पुन्हा जोडणं सुरक्षित, म्हणजे पाय फक्त पुढेच दाबायचा. अडचण एकच: गजाची दिशा बदलली तर खूण दोन्ही प्रतींवर करावी लागते. त्यामुळे गज कुठे वर, कुठे खाली हे पक्कं झाल्यावरच हे करा. बदललेली फाइल एअरड्रॉपने पाठवता येते, ग्रीन रूममध्ये इंटरनेट नसलं तरी चालतं.

घडीचा तारेचा स्टँड वापरू नका. 13 इंची एअरचं वजन साधारण 617 ग्रॅम, कव्हर वेगळं. हलक्या धक्क्यालाही असा स्टँड कलंडतो. उघड्यावरच्या कार्यक्रमात लक्षात ठेवा, अ‍ॅपल आयपॅड 35 अंशांपर्यंतच वापरायला सांगतं. उन्हात पडदा आधी मंद होतो, मग तापमानाची सूचना येऊन आयपॅड चक्क बंद पडतो. मे महिन्यात पुण्यात संध्याकाळच्या मांडवातही कागदी पार्ट खुर्चीखाली असू द्या.

बॅटरीची काळजी नेहमीच्या कार्यक्रमात नाही. अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमनचं दुसरं क्वार्टेट वाजवणार असाल, तर मात्र ते सहा तासांपर्यंत जातं. तेव्हा पॉवर बँक स्टँडलाच बांधा.