हॉस्पिटलवाल्यांनो, फायरचं काम देताना सावध राहा, आमची कशी फसवणूक झाली ते वाचा

मी एका तालुक्याच्या गावातल्या ३० बेडच्या हॉस्पिटलचं अ‍ॅडमिन बघते. जुलै जवळ आला की सगळीकडे फॉर्म बी ची धावपळ सुरू होते आणि नेमकी तेव्हाच ही माणसं दारात उभी राहतात म्हणून आत्ताच लिहितेय. एजन्सीचं नाव टाकत नाही, पोलिसात तक्रार दिलीये आणि वकिलांनी सांगितलंय की चौकशी चालू असताना नाव कुठे लिहू नका. पण त्यांची पद्धत सगळीच्या सगळी सांगते, कारण नाव बदलून हाच उद्योग दुसऱ्या गावात चालू असणार याची मला खात्री आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा आहे. फायरची यंत्रणा बसवली की परवानाधारक एजन्सीने फॉर्म ए द्यायचा आणि पुढे दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत आहे असा फॉर्म बी द्यायचा. तो अग्निशमन विभागात जमा करावा लागतो, त्याशिवाय हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला अडचण येते. आणि यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सही एजन्सीची असली तरी कायद्याने जबाबदारी मालकाची आणि जागा वापरणाऱ्याचीच राहते. हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागात आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर राज्यभर हॉस्पिटलच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या हॉस्पिटलचा आयसीयू जळाला, ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातला. नगरचा तर नवीन बांधलेला आयसीयू होता, ११ जण त्याच दिवशी गेले. प्रत्येक घटनेनंतर नोटिसा निघतात, त्या निघायलाच हव्यात, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण नोटिशीच्या मागोमाग कोटेशन घेऊन फिरणारी एक जमात तयार झालीये आणि ती माणसं बाळांच्या मरणावर धंदा करतायत, हे मला आता स्पष्ट बोलायचंय.

आमच्याकडे झालं असं की नगरपालिकेची नोटीस आली, मुदत कमी होती, आणि दोनच दिवसांनी एक जण आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, हातात लॅमिनेट केलेला परवाना. "मॅडम टेन्शन घेऊ नका, रिफिलिंग, डिटेक्टर, मॉकड्रिल, ऑडिट रिपोर्ट, फॉर्म ए, फॉर्म बी सगळं आमच्याकडे, तुम्ही फक्त पेशंट बघा." नोटीस आल्याचं त्याला कसं कळलं हे मला आजही कोडं आहे. आजूबाजूच्या दोन-तीन हॉस्पिटलची कामं केल्याचे फोटो त्याने दाखवले, त्यातल्या एका डॉक्टरांना आमच्या सरांनी फोन केला, ते म्हणाले हो बरोबर काम केलंय, फॉर्म मिळाला. त्यांनाही तोवर फक्त फॉर्म मिळाल्याचंच माहीत होतं. कोटेशन २ लाख ४० हजारांचं, निम्मे आधी द्यायचे.

काम अगदी व्यवस्थित चाललंय असंच दिसत होतं. पोरं आली, आग विझवायचे जवळजवळ सगळे सिलेंडर टेम्पोत घालून घेऊन गेली, दोन दिवसांनी परत आणून लावले. नवीन स्टिकर, त्यावर रिफिलिंगची तारीख, पुढची तारीख, गेजचा काटा हिरव्यात. पहिल्या मजल्यावर वॉर्डात, आयसीयूत, लिननच्या खोलीत छताला धूर ओळखणारे पांढरे डिटेक्टर लागले. रिसेप्शनमागे अलार्मचा लाल रंगाचा पॅनल बसवला, त्यावर हिरवा दिवा आणि चार झोन, म्हणजे इमारतीचे चार भाग. डेमो दिला तेव्हा रिसेप्शनवरच्या डिटेक्टरखाली धूर केला, हूटर असा काही वाजला की ओपीडीतले पेशंट उठून उभे राहिले. मॉकड्रिल पार्किंगमध्ये झालं, पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवलं आणि सिस्टर, मामा (वॉर्डबॉय), मावशी (आया) सगळ्यांकडून ते विझवून घेतलं, फोटो काढले, हजेरीवर सह्या घेतल्या. फॉर्म बी हातात आला, तो जमा केला, राहिलेले पैसे दिले. बाहेरून बघून कुणालाही संशय आला नसता.

मग काही महिन्यांनी रात्री लिननच्या खोलीत एसीचा स्टॅबिलायझर जळाला. ज्वाळा फार नव्हत्या पण प्लास्टिकचा काळा धूर, आणि शेजारीच चादरींचे गठ्ठे. हूटर वाजलाच नाही. नाइटच्या सिस्टरना वास आला म्हणून कळलं. मामांनी कॉरिडॉरमधला पावडरचा सिलेंडर उचलला, पिन काढली, हँडल दाबलं तर फुस्स करून नुसती हवा, नळीतून चार-दोन ढेकळं पडली. दुसरा आणला, तोही तसाच. सिस्टरनी तेवढ्यात एमसीबी पाडून वीज तोडली आणि मामा धावत ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) जुना सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलेंडर घेऊन आले, तो त्या रिफिलिंगच्या वेळी ओटी चालू होती म्हणून खाली नेलाच नव्हता. तो चालला. त्यानेच आग विझली. आयसीयू त्याच मजल्यावर आहे, तिथे तेव्हा व्हेंटिलेटरवर पेशंट होते. सिस्टरचं आणि मामांचं नाव इथे टाकता येत नाही पण त्या दोघांमुळे आज मी हे एवढ्या शांतपणे लिहू शकतेय.

हॉस्पिटलमध्ये आगीपेक्षा धूर आधी मारतो. भंडाऱ्याच्या १० बाळांमधली ७ धुराने गुदमरून गेली असं तेव्हाच सांगण्यात आलं होतं. कोलकात्याच्या खासगी हॉस्पिटलमध्ये डिसेंबर २०११ ला तळघरात आग लागली, तिथे पार्किंगच्या जागेत सामान भरून ठेवलं होतं, आणि धूर एसीच्या डक्टमधून वरच्या मजल्यांवर गेला, झोपेतली माणसं गुदमरली, ९० च्या आसपास लोक गेले. काचा बंद, खिडक्या उघडत नाहीत, पेशंटला सलाईन, ऑक्सिजन, कॅथेटर लावलेलं, तो उठून पळणार कसा. म्हणून डिटेक्टरने वेळेत ओरडणं हेच खरं काम आहे, आणि आमचा डिटेक्टर मुका होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या वायरमनने फॉल्स सीलिंगची एक टाइल काढली. डिटेक्टरचा बेस टाइलला दोन स्क्रूने मारलेला, वरती वायरच नाही. पुढच्या डिटेक्टरला वीतभर वायर होती, ती वर गुंडाळून सोडून दिलेली. म्हणजे पहिल्या मजल्यावर आम्ही छताला नुसत्या प्लास्टिकच्या डब्या लावून घेतल्या होत्या.

मग पॅनल हिरवा का दाखवत होता? हे नीट समजून घ्या, कारण सगळी लबाडी इथेच आहे. या साध्या पॅनलमध्ये प्रत्येक झोनच्या शेवटच्या डिटेक्टरला एक बारीक रेझिस्टर लावायचा असतो, रंगीत पट्ट्यांचा, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. पॅनल तो रेझिस्टर सतत तपासत असतो, मध्ये कुठे वायर तुटली की तो दिसेनासा होतो आणि पॅनल फॉल्ट दाखवतो. आमच्याकडे वायरमनने पॅनलचं झाकण उघडलं तर झोन एकला खरी वायर जोडलेली, ती रिसेप्शनची, आणि झोन दोन, तीन, चारचे रेझिस्टर थेट पॅनलच्या टर्मिनलमध्येच खुपसून स्क्रू आवळलेले. पॅनलच्या दृष्टीने सगळं ठीक. काही रुपयांच्या त्या तुकड्यावर माझ्या आयसीयूचा जीव टांगलेला होता. हे अज्ञानातून होत नाही, ज्याला काम येतं तोच हे करू शकतो, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आहे.

सिलेंडरचं पण सांगते. पावडरच्या सिलेंडरमध्ये जुनी पावडर तशीच, ओल लागून दगड झालेली, वरून फक्त नायट्रोजन भरून प्रेशर चढवलं की काटा हिरव्यात येतो. काटा प्रेशर दाखवतो, पावडर चांगली आहे का आणि किती आहे हे दाखवत नाही. सीओटूच्या सिलेंडरला तर काटाच नसतो, तो वजन करूनच कळतो. रिकामं वजन सिलेंडरवर ठोकलेलं असतं, आत्ताच्या वजनातून ते वजा केलं की गॅस किती ते समजतं, आणि दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट असेल तर परत भरायला हवा. आम्ही सगळे सिलेंडर ओपीडीतल्या पेशंटच्या वजनकाट्यावर ठेवले. सीओटूचे बरेचसे जवळजवळ रिकामेच निघाले, एकावर तर नवीन स्टिकरखाली जुनं स्टिकर आणि त्याखाली आणखी जुनं. आणि मॉकड्रिलला वापरलेले सिलेंडर? ते त्यांनी त्यांच्याच गाडीतून आणले होते, आमचा एकही त्या दिवशी वापरला नव्हता, हे मामांनी सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

आता परवाना. एजन्सीला परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय देतं, मुंबईला कलिन्याला त्यांचं ऑफिस आहे, आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर असते. आमच्या फॉर्मवरचा नंबर खरा होता. पण तो दुसऱ्याच एजन्सीचा. नावात एका शब्दाचा फरक. त्या खऱ्या एजन्सीला फोन केला तर ते म्हणाले तुमच्या तालुक्यात आम्ही कधी आलोच नाही, आणि त्यांना अशी चौकशी करणारे आम्ही पहिले नव्हतो. म्हणजे फॉर्म बी सुद्धा खोटा.

त्या माणसाचा फोन आधी लागत होता, "मॅडम टेक्निकल इश्यू असेल, माणूस पाठवतो", मग "साइटवर आहे", मग बंद. बिलावरच्या पत्त्यावर आमचा माणूस गेला तर तिथे झेरॉक्सचं दुकान. पोलीस स्टेशनला पहिल्यांदा म्हणाले हा तुमचा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. सरांनी खऱ्या एजन्सीचं लेखी पत्र आणलं, नंबर आमचा, सही आमची नाही असं, तेव्हा कुठे त्यांनी नीट ऐकून घेतलं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि बनावट कागदपत्रासाठी ३३६ आहे, तक्रारीत दोन्ही लिहा, आणि अर्जाची पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. अग्निशमन विभागाला आम्ही स्वतःहून लेखी कळवलं की जमा केलेला फॉर्म बनावट निघालाय. भीती वाटत होती की उलट आमच्यावरच कारवाई होईल, पण तिथल्या अधिकाऱ्यांनी मुदत दिली आणि पूर्ण काम परत करून घ्यायला लावलं.

तुमच्याकडे काम चालू असेल तर शेवटचे पैसे द्यायच्या आधी एवढं करा. डेमोसाठी खोली तुम्ही निवडा, त्यांना निवडू देऊ नका, आणि प्रत्येक झोनमध्ये धूर करून बघा. प्रत्येक झोनमधला एक डिटेक्टर फिरवून बेसमधून काढा, त्या झोनला पॅनलवर फॉल्ट यायलाच पाहिजे, नाही आला तर तिथेच काम थांबवा. पॅनलचं झाकण त्यांच्यासमोर तुमच्या वायरमनकडून उघडून घ्या. सिलेंडर नेताना आणि आणताना प्रत्येकाचं वजन वहीत लिहा, त्यावर त्यांच्या माणसाची सही घ्या, आणि भिंतीवरचा कुठलाही एक सिलेंडर त्यांच्यासमोर चालवून बघा, तो परत भरायचा खर्च तुमचा गेला तरी चालेल. परवान्याचा नंबर यादीत बघा आणि फोन यादीतल्या नंबरवर करा, त्याने दिलेल्या कार्डावरच्या नाही. ज्यांच्याकडे स्प्रिंकलर आणि पंप आहेत त्यांनी पंपाचा स्विच ऑटोवर आहे का तेही बघा, मॅन्युअलवर ठेवून गेलेले मी नंतर दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये स्वतः पाहिलेत. जो खरा काम करणारा असतो तो या कशालाही नाही म्हणत नाही, आमच्या आत्ताच्या एजन्सीने तर स्वतःहून टाइल काढून वायर दाखवली.

आमच्या ओळखीच्या ज्या डॉक्टरांनी त्याचं काम चांगलं म्हणून सांगितलं होतं, त्यांनीही पॅनल उघडला. तोच रेझिस्टर, तसाच. त्यांनी पण आता तक्रार दिलीये. या भागात अजून काही हॉस्पिटलमध्ये त्याने काम केलंय हे त्याने दाखवलेल्या फोटोंवरून कळतंय, त्यामुळे गेल्या वर्ष-दीड वर्षात ज्यांनी नोटिशीनंतर दारात आलेल्या माणसाकडून घाईत काम करून घेतलंय त्यांनी आज पॅनल उघडा, आणि टर्मिनलमध्ये रेझिस्टर दिसला तर हात लावायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, वायरमनचा जबाब लिहून घ्या आणि बिल, बँकेची एंट्री, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवा. तपास अधिकाऱ्यांनी आम्हाला सांगितलंय की तक्रारी जितक्या जास्त तितकं प्रकरण पुढे सरकेल.