गारपिटीनंतर दारात आलेला रूफर

आमचं घर टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला, कॉलिन काउंटीत. इकडे एप्रिल-मे आला की सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. जवळच्या वायली गावात 11 एप्रिल 2016 ला बेसबॉलएवढ्या गारा पडल्या होत्या, त्या दिवसाच्या गोष्टी लोक अजून सांगतात. त्यामुळे गारा पडल्या की प्रत्येकाला आपल्या छताची धास्ती. हीच धास्ती हेरून रूफर, म्हणजे छताचं काम करणारी माणसं, दार ठोठावतात. आमचंही ठोठावलं. जे झालं ते सगळं लिहिते आहे, कारण वादळाचे दिवस पुन्हा येणार आहेत आणि तीच माणसंही येणार आहेत.

गेल्या एप्रिलमध्ये एका मंगळवारी रात्री दहाएक मिनिटं गारा झाल्या. बोराएवढ्या. अंगणातल्या मिरचीची रोपं झोडपली गेली, बाकी काही दिसलं नाही. शुक्रवारी दुपारी मी मीटिंगमध्ये होते, नवरा ऑफिसात. दार सासूबाईंनी उघडलं. कंपनीचा शर्ट घातलेला, अतिशय नम्र मुलगा. "अगं, छप्पर बघायला कुणी आलाय, फुकट बघतो म्हणतोय," आईंनी आत येऊन सांगितलं आणि उन्हातून आलाय म्हणून त्याला पाणीही दिलं.

वर चढण्यापूर्वी त्याने टॅब्लेट पुढे केला. "छतावर चढायची परवानगी, बाकी काही नाही." मी बोटाने सही केली. वाचलं नाही. स्क्रीनवर फक्त सहीची चौकट होती आणि मला मीटिंगला परत जायचं होतं.

तो एकटाच वर गेला आणि पाऊण तास वर होता. मधूनमधून ठकठक ऐकू येत होती. शिंगल्स, म्हणजे छतावरच्या दाणेदार डांबरी पट्ट्या, तपासत असेल असं मला वाटलं. खाली उतरला तो फोटो घेऊनच. खडूने गोल केलेले काळे डाग, एकेका फोटोत सात-आठ. "पूर्ण छत जाणार. बरं झालं मी आलो, एक मोठा पाऊस झाला असता तर पाणी घरात आलं असतं." ऐकून पोटात गोळा आला. त्याने तिथेच माझ्या फोनवरून विमा कंपनीला फोन लावायला लावला, काय सांगायचं ते शेजारी उभं राहून सांगितलं, आणि पंधरा मिनिटांत क्लेम दाखल झाला. डिडक्टिबलचं, म्हणजे नुकसानीतला जो पहिला भाग आपणच भरायचा असतो त्याचं, विचारलं तर म्हणाला, "ते आम्ही सांभाळून घेतो, तुमच्या खिशातून एक डॉलर जाणार नाही."

दहा दिवसांनी, सोमवारी, विमा कंपनीच्या अॅडजस्टर, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या बाई आल्या. शांत, मोजकं बोलणाऱ्या. आधी त्यांनी छताकडे पाहिलंच नाही. घराभोवती फिरल्या, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या नाजूक पत्र्यांवरून बोट फिरवलं, गटर पाहिलं, टपालपेटी पाहिली. कुठेही पोचा नव्हता. मग वर गेल्या आणि नवऱ्याला शिडीवर बोलावून त्याला डाग दाखवले. सगळे एकाच मापाचे. एका जागी बसून हात पुरेल तेवढ्याच टापूत. प्रत्येक डागातले दाणे साफ खरवडलेले आणि खालचं डांबर नवं, चकचकीत काळं. शेजारचे पत्र्याचे व्हेंट मात्र गुळगुळीत. गारा पडतात त्या कशाही, कुठेही पडतात. मऊ पत्रा त्यांच्यातून सुटत नाही. गारेचा खरा मार अंगठ्याने दाबला की सफरचंदाच्या मुक्या मारासारखा मऊ लागतो. इथे तसं काही नव्हतं. "हे हातोडीचं काम आहे," त्या म्हणाल्या.

मी ऐकलेली ती ठकठक हीच होती.

क्लेम नामंजूर झाला. हातोडीने केलेलं नुकसान गारपिटीत बसत नाही, त्यामुळे ते आमच्याच माथी. त्या मुलाचा नंबर लागेना. गावातल्या, कायम दुकान असलेल्या रूफरकडून आम्ही ती बाजू दुरुस्त करून घेतली, 2,300 डॉलर गेले. शिवाय क्लेम आमच्या नावावर नोंदला गेला तो गेलाच. विमा कंपन्या घराच्या क्लेमचा सात वर्षांचा इतिहास पाहतात, आणि पैसे मिळाले नाहीत तरी दाखल झालेला क्लेम त्यात दिसू शकतो.

टॅब्लेटवर केलेल्या सहीचा कागद ईमेलमध्ये आला होता. तो मी तेव्हा कुठे नीट वाचला. क्लेम मंजूर झाला तर सगळं काम त्यांनाच द्यायचं, नाही दिलं तर मंजूर रकमेच्या 25 टक्के त्यांना भरायचे. क्लेमच बुडाल्याने ते कलम आमच्यावर लागलं नाही. मंजूर झाला असता तर त्या माणसाच्या हातून सुटका नव्हती.

मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती साध्या हिशेबाची. आमच्या पॉलिसीत घराचं संरक्षण 4,50,000 डॉलरचं आणि वारा-गारपिटीचं डिडक्टिबल 2 टक्के. म्हणजे पहिले 9,000 डॉलर आमचेच. खरोखर दोन-तीन हजारांचं नुकसान झालं असतं तरी क्लेम करण्यात काही अर्थ नव्हता. क्लेम करण्याआधी छत बघून घ्यायचं ते यासाठी. आणि बघणारा असा हवा की ज्याला छत बदलण्यातून काही मिळत नाही. पैसे घेऊन घराची तपासणी करणारे इन्स्पेक्टर इथे असतात, त्यांना राज्याचा परवाना लागतो. रूफरला टेक्ससमध्ये परवाना लागतच नाही. आज गाडीवर शिडी बांधली की माणूस रूफर झाला. आपल्याला वाटतं की अमेरिकेत सगळ्याला लायसन्स असतं. मलाही तसंच वाटत होतं.

डिडक्टिबल "सांभाळून घेतो" हे वाक्य ऐकलं की तिथेच बोलणं थांबवा. 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्ससच्या कायद्याने ते घरमालकानेच भरायचं असतं आणि ठेकेदाराने ते माफ करणं गुन्हा आहे. विमा कंपनी ते भरल्याचा पुरावाही मागू शकते. तसंच जो छताचं काम करणार, त्याला तुमच्या वतीने विमा कंपनीशी रकमेची बोलणी करता येत नाहीत. हा नियम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये उचलून धरला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कुणी तपासायला वर चढणार असेल तर घरातलं कुणीतरी खाली उभं राहून बघत असू द्या, आणि वादळाआधीचे छताचे फोटो फोनमध्ये ठेवा. आमच्याकडे तेही नव्हते.

आम्ही राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार केली आहे. आईंना अजून वाटतं की दार त्यांनी उघडलं म्हणून हे झालं. मी रोज सांगते, सही मी केली.

अॅडजस्टर येऊन गेल्या त्याच सोमवारी संध्याकाळी मागच्या गल्लीत त्याच कंपनीची पाटी एका हिरवळीवर रोवलेली दिसली. ते कुटुंब नागपूरचं, महाराष्ट्र मंडळातली ओळख. मी तशीच त्यांच्या दारात गेले. वहिनींनी शुक्रवारी सही केली होती, क्लेम अजून केला नव्हता. दारावर येऊन केलेला असा करार तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येतो, त्यात शनिवारही धरतात. म्हणजे मंगळवारी मध्यरात्रीपर्यंत मुदत होती. दोघींनी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून रद्द करण्याचं पत्र लिहिलं, त्याचा फोटो काढला, आणि मंगळवारी सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या ते रजिस्टर्ड टपालाने पाठवून पावती घेतली.