चार वाजताची डबी: फोर्टमधील कचेरीत दहा महिने ‘डाएट डबा’ खाल्ल्यानंतर

गेल्या जूनमध्ये कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे रक्तातील साखरेची चाचणी, ६.२ आले. ५.७ ते ६.४ या टप्प्याला डॉक्टर मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. म्हणजे गोळ्या सुरू झालेल्या नसतात, धाक मात्र सुरू झालेला असतो. माझे वय ४६, वजन तेव्हा ७४ किलो, आणि नोकरी फोर्टमध्ये विम्याच्या दाव्यांच्या विभागात, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीवर. डॉक्टरांनी दिलेला आहाराचा तक्ता चांगलाच होता, परंतु डोंबिवलीहून सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या बाईने तो घरच्या ओट्यावर रोज पाळावा, ही अपेक्षा तक्ता छापणाऱ्यानेच करावी. म्हणून पार्ल्यातील एका घरगुती स्वयंपाकघराचा ‘डाएट डबा’ लावला. त्या डब्याचा हा दहा महिन्यांचा अनुभव आहे. स्वयंपाकघराचे नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि तीन बायकांच्या कष्टांवर चालणाऱ्या व्यवसायाविषयी त्या नावानिशी मांडणे मला प्रशस्त वाटत नाही. अशी स्वयंपाकघरे दादरपासून बोरिवलीपर्यंत सर्वत्र आहेत, आणि डबा लावण्यापूर्वी काय विचारायचे हे कोठेही सारखेच लागू पडेल.

व्यवहार सरळ आहे. महिन्याला बावीस डबे, डबेवाल्यांचे पैसे धरून ५,४०० रुपये, महिना सुरू होण्याआधी भरायचे. शनिवार-रविवार डबा नाही. सुट्टी घ्यायची असल्यास आदल्या संध्याकाळी सहापर्यंत कळवायचे, नाहीतर तो डबा बुडीत. डबा चार पुडांचा, स्टीलचा. त्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या किंवा तीन फुलके, पालेभाजी, उसळ किंवा वरण आणि कोशिंबीर असते. सोबत झाकणाला चिकटवलेली एक चिठ्ठी असते, जिच्यावर प्रत्येक पदार्थापुढे उष्मांक हाताने लिहिलेले असतात. या चिठ्ठीकडे मी पुन्हा येणार आहे.

पहिला महिना निराशेचा गेला, हे आधी सांगून टाकते. तेव्हा डब्यात एकच फुलका, दुधीचे सूप आणि काकडी-गाजर-कोबीचा डोंगर असे. पोट भरल्यासारखे वाटे आणि तीन वाजता पोटात कावळे ओरडू लागत. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे माझ्या तेव्हाच्या वजनाला दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास. त्या डब्यातून दहा ग्रॅम तरी मिळत असतील की नाही, याची शंका आहे. मी स्वयंपाकघराच्या काकूंना फोन करून सांगितले की कोबी कमी करा आणि उसळ वाढवा. त्यांनी वाद न घालता पुढच्या आठवड्यापासून मटकी, चवळी, कुळीथ, मसूर अशी आलटून पालटून भरगच्च वाटी सुरू केली, आणि मागणीप्रमाणे आठवड्यातून दोनदा पनीर किंवा अंड्याची भुर्जी. फरक आठवडाभरात जाणवला. चाकवताची ताकातली भाजी आणि वालाची उसळ या दोन पदार्थांना तर मी पैकीच्या पैकी गुण देईन. पथ्याचे म्हणून बेचव, ही सबब या स्वयंपाकघराने कधी दिली नाही. फुलके मात्र पावणेएकपर्यंत चामट होतात, तेव्हा भाकरीच निवडावी.

दुपारच्या जेवणाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे नाही, कारण कचेरीतील पथ्य दुपारच्या जेवणात मोडत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरल्यावर समोर ‘आराम’चा वडापाव आहे, थोडे आत वळले की पंचम पुरीवाल्याच्या कढईतून पुऱ्या फुगून वर येत असतात, आणि तरीही ती माझी खरी परीक्षा नव्हे. रस्ता बदलता येतो. कचेरीतील खाणे मात्र आपल्या टेबलापर्यंत चालत येते. चारच्या सुमारास चहाची किटली फिरते आणि तिच्यामागून खारी येते. कोणी लोणावळ्याहून आलेला असतो, त्याची चिक्की. कोणाच्या मुलाला दहावीत ९१ टक्के मिळालेले असतात, त्याचे पेढे. कोणाचा वाढदिवस, त्याचा केक आणि केकसोबत ठरलेले सामोसे व वेफर्स. भाद्रपदात मोदक, आश्विनात दिवाळीच्या भेटवस्तूंचे खोके, डिसेंबरात मावा केक. यातील प्रत्येक गोष्ट कोणीतरी प्रेमाने पुढे करते आणि “एवढ्याने काय होतंय?” हे वाक्य प्रत्येक वेळी अगदी नवीन असल्यासारखे उच्चारते. जूनमध्ये मी एका आठवड्याचा हिशेब वहीत मांडला होता. चार ते सहा या वेळेत, एकदाही जागेवरून न उठता, मी तीन सामोसे, दोन पेढे, केकचा एक तुकडा आणि अकरा खाऱ्या खाल्ल्या होत्या. चहातील साखर वेगळी: दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, चमच्याला वीस उष्मांक.

म्हणून या सेवेची खरी किंमत करायची तर ती डब्यासोबत येणाऱ्या छोट्या डबीवरून करावी लागेल, आणि ही डबी कशी सुरू झाली ते सांगण्यासारखे आहे. डबेवाले आमच्या इमारतीत पावणेएकला डबा देतात आणि दोनच्या सुमारास रिकामा डबा परत नेतात. पार्ल्यातून साडेनऊला निघालेला डबा चर्चगेटला वर्गवारी होऊन येतो आणि त्याच साखळीने उलटा परततो, त्यामुळे तेथे कोणाच्याही चारच्या चहासाठी थांबणे शक्य नसते. साहजिकच, चार वाजताचे खाणे चौथ्या पुडात घालून पाठवले तर ते एकतर जेवणासोबत संपते किंवा डब्यासोबत पार्ल्याला परत जाते. माझे दोनदा गेले. दुसऱ्या वेळी परत आलेले मोडाचे मूग पाहून काकूंचाच फोन आला, “ताई, आवडले नाहीत का?” मी अडचण सांगितली. तिसऱ्या दिवसापासून डब्याच्या कडीत अडकवलेल्या कापडी पिशवीत लहानशी स्टीलची डबी येऊ लागली. ती दिवसभर माझ्याकडे राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या रिकाम्या डब्यासोबत परत जाते. झाकणावर डबेवाल्यांनी मोठ्या डब्यावरचीच खूण रंगवून दिली आहे. रोज डबा देणारे गृहस्थ ती पिशवी हातात ठेवताना “माउली, पिल्लू संभाळा” म्हणतात, तेव्हापासून आमच्या विभागात तिचे नाव पिल्लू पडले आहे.

डबीत कधी लिंबू पिळलेले मोडाचे मूग असतात, कधी फुटाणे आणि शेंगदाणे, कधी तिखट-मीठ लावलेल्या पेरूच्या फोडी, कधी ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, कधी जवसाची चटणी लावून चौकोनी तुकडे केलेले थालीपीठ. प्रमाण मूठभरच, पण चावायला लागेल असे. मला वाटते, तिचे निम्मे काम पोटात होते आणि निम्मे हातात. केक फिरत असताना रिकाम्या हाताने “नको” म्हणणारी बाई सर्वांच्या नजरेत येते आणि मग आग्रह सुरू होतो. तोंडात फुटाणे असलेल्या बाईला कोणी आग्रह करत नाही. चहासोबत काहीतरी कुरकुरीत हवे असते, ती जागा खारीऐवजी लाह्यांनी भरून निघते. ऑगस्टपासून मी चहाही बिनसाखरेचा केला, आणि तो करवला डबीतल्या पेरूने, कारण पेरूच्या फोडीवर गोड चहा फारच वाईट लागतो.

आता चिठ्ठीविषयी. डबीत दर गुरुवारी नाचणीचा लाडू येत असे आणि त्यापुढे लिहिलेले असे: ‘साखरविरहित, ९० उष्मांक’. लाडू उत्तम होता; खरे तर संशय त्यामुळेच आला. एका गुरुवारी मी तो आमच्या आवक-जावक विभागातील टपालाच्या काट्यावर ठेवला. ४२ ग्रॅम भरला. शिपाईकाकांनी “रजिस्टर्ड पाठवायचा का?” असे विचारले, ते सोडा. संध्याकाळी काकूंना कृती विचारली आणि त्यांनी मोकळेपणाने सांगितली: अर्धा किलो नाचणीच्या पिठाला ३०० ग्रॅम गूळ आणि २०० ग्रॅम तूप. एका ग्रॅम तुपात नऊ उष्मांक असतात, गुळात पावणेचारच्या आसपास आणि नाचणीत सव्वातीनच्या आसपास. लोकलमध्ये बसून आकडेमोड केली, तेव्हा एक लाडू १९० च्या घरात निघाला, म्हणजे चिठ्ठीवरील आकड्याच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या दिवशी मी ते सांगितल्यावर काकू म्हणाल्या, “अहो ताई, पण त्यात गूळ आहे, साखर कुठे आहे?” त्यांचा हेतू फसवण्याचा मुळीच नव्हता, त्यांचा तसा विश्वासच आहे, आणि तो निम्म्या महाराष्ट्राचा आहे. परंतु गूळ हाही उसाचाच रस आटवून होतो, त्यात बहुतांश साखरच असते, आणि रक्तातील साखर वाढवण्याच्या कामी तो साखरेपेक्षा फारसा सोवळा नाही. ज्याला रक्तातील साखरेसाठी डबा लावायचा आहे, त्याच्या दृष्टीने ही चूक किरकोळ नव्हे. लाडू अजून येतो, आकाराने निम्मा झाला आहे, आणि चिठ्ठीवर अजूनही ‘साखरविरहित’ हा शब्द आहे. बाकीचे आकडे मी अधूनमधून ताडून पाहिले. उसळी आणि भाकऱ्यांचे बऱ्यापैकी जुळतात, कोशिंबिरीत दाण्याचे कूट धरलेले नसते.

उपवासाचा डबा हा दुसरा दोष होता. एकादशीला आणि श्रावणी सोमवारी त्यांनी सुरुवातीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस पाठवला, आणि चिठ्ठी नेमकी त्याच दिवशी नव्हती. एकादशी दुप्पट खाशी, हे पथ्याच्या डब्याने तरी खरे करू नये. मी सांगितल्यावर भगर, दाण्याची आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर आणि राजगिऱ्याची भाकरी असा डबा येऊ लागला. मात्र ज्यांनी सांगितले नाही त्यांना अजून खिचडीच जाते, असे खालच्या मजल्यावरील एका ग्राहक मैत्रिणीकडून कळले.

डबा बंद राहण्याच्या दिवसांविषयी आधीच विचारून घ्यावे. जुलैमध्ये एका दिवशी रुळांवर पाणी आल्याने गाड्या बंद पडल्या आणि डबा आला नाही. त्यात दोष कोणाचाच नाही. मी त्या दिवशी दोन वडापाव खाल्ले आणि वहीत तसे नोंदवले. एप्रिलची गोष्ट वेगळी. डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातले. वर्षातून एकदा गावच्या जत्रांसाठी ते काही दिवस सुट्टी घेतात, हे मुंबईत डबा खाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या कामात तेवढी विश्रांती त्यांचा हक्कच आहे. स्वयंपाकघरालाही ते ठाऊक असायला हवे होते. पण त्यांच्याकडे त्या दिवसांसाठी पर्यायी व्यवस्था काहीच नव्हती, पैसे पुढच्या महिन्यात वळते करू म्हणाले, आणि त्यातील दोन डब्यांचे वळते व्हायचे अजून राहिले आहेत. आर्थिक वर्षअखेरीची कामे संपल्याच्या आनंदात आमच्याकडे नेमक्या त्याच आठवड्यात तीन पार्ट्या झाल्या. घरून नेलेले फुटाणे पहिल्या दोन पार्ट्यांना पुरले.

परिणाम सांगायचा तर वजन आता ६७.५ किलो आहे. एचबीएवनसी ही मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी असल्यामुळे मी ती घाईने केली नाही, डिसेंबरात ५.९ आणि मार्चमध्ये ५.७ आली. यातील किती श्रेय डब्याचे आणि किती टर्मिनसपासून हॉर्निमन सर्कलपर्यंत चालत जाण्याचे, हे मला वेगळे काढता येणार नाही.

ज्यांच्या कचेरीत उपाहारगृह चांगले आहे किंवा ज्यांना घरचा डबा नेता येतो, त्यांनी ५,४०० रुपये खर्च करावेत असे मी म्हणणार नाही. त्यांनी एक छोटी डबी विकत घ्यावी आणि ती टेबलावर, केकच्या वाटेत ठेवावी. ज्यांना डबा लावायचाच आहे त्यांनी मोडाची उसळ रोज मिळेल का, चार वाजताचे खाणे वेगळे येईल का, उपवासाला काय देता आणि एप्रिलमध्ये काय करता, हे चार प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. मी पुढच्या तीन महिन्यांचे पैसे परवाच भरले. अर्जातील ‘विशेष सूचना’ या रकान्यात गुरुवारच्या लाडूऐवजी फुटाणे असे लिहून दिले आहे, आणि काकूंनी ते वाचून “बघू” म्हटले आहे.