बाहेर 1050 टीआय, आत 2011 सालची चिप

जुने कॉम्प्युटर जोडून घरी क्लस्टर उभा करायचा विचार असेल, तर खरेदीला निघण्याआधी हे वाचा. आमच्या गळ्यात दोन ग्राफिक्स कार्डं आणि काही हार्ड डिस्क अशा मारल्या गेल्या की नाव एक आणि आतला माल भलताच.

माझी पुतणी फार्मसीत पीएचडी करते. औषधाचा रेणू प्रथिनाला कसा चिकटतो, हे ती ग्रोमॅक्स या प्रोग्राममध्ये तपासते. कॉलेजच्या मशीनवर तिचा नंबर लागता लागत नव्हता, म्हणून लीजवरून सुटलेले ऑफिसचे डेस्कटॉप घेऊन, गिगाबिट स्विच टाकून आम्ही घरीच जुळणी केली. डेस्कटॉप वेगवेगळ्या कंपन्यांचे, पण चोख निघाले. जुन्या मालाला नावं ठेवायचं काही कारण नाही. अमेरिकेत ओक रिज प्रयोगशाळेत विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन यांनी 1997 मध्ये टाकून दिलेल्या पीसींचाच क्लस्टर उभारला आणि तो पुढे शंभराहून जास्त मशीनपर्यंत वाढवला. त्यात 486 आणि पेंटियम अशा दोन वेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरची मशीन शेजारी शेजारी होती. वेग वेगवेगळे, म्हणून जे मशीन मोकळं होईल त्याने पुढचं काम उचलायचं, अशी प्रोग्रामची रचना होती. मात्र त्यासाठी समोर काय आहे ते खरं कळायला हवं.

कार्डं घेतली ती शहरातल्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून. एनव्हिडियाची जीटीएक्स 1050 टीआय, 4 जीबी. त्याने समोर विंडोज चालू करून दाखवलं. स्क्रीनवर नाव बरोबर, मेमरीही 4 जीबी. "दादा, डोळ्यांनी बघताय ना? अजून काय पाहिजे?" बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहा म्हटलं, तर "जुन्या मालाला तसं लिहीत नाही" म्हणाला आणि "ग्राफिक्स कार्ड, 2 नग" एवढंच लिहून दिलं.

घरी लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर काही केल्या चालेना. ग्रोमॅक्सला त्या मशीनवर वापरण्याजोगं कार्डच दिसेना. पुतणीची गणितं सगळ्या मशीनवर वाटलेली असतात आणि प्रत्येक टप्प्याला मशीन एकमेकांशी आकडे बदलतात. एक मागे पडलं की बाकीची त्याची वाट बघत बसतात. बिचारीची रात्रभर चालवलेली रन सकाळी जेमतेम सरकलेली असायची.

शेवटी ड्रायव्हर काढून लिनक्ससोबत येणाऱ्या नूव्हो ड्रायव्हरवर मशीन सुरू केलं आणि डीमेसेजमधल्या, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स जी नोंद ठेवतं तिच्यातल्या, ओळी वाचल्या. तिथे चिपचं नाव होतं जीएफ116. ही जीटीएक्स 550 टीआयची चिप, 2011 सालची. तिच्यात 192 कोर (गणितं करणारे छोटे भाग) आणि बहुतेक कार्डांवर 1 जीबी मेमरी. खऱ्या 1050 टीआयमध्ये जीपी107 चिप आणि 768 कोर असतात. कार्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डावरच साठवलेल्या प्रोग्राममध्ये, खोटं नाव भरलं की विंडोज तेच नाव दाखवतं. नूव्हो मात्र थेट चिपला विचारतो. विंडोजवर तपासायचं तर जीपीयू-झेड हा प्रोग्राम घ्या. 2018 पासून ते अशा कार्डांच्या नावापुढे 'फेक' असं छापतं. आणखी एक खूण उघड्या डोळ्यांना दिसते: आमच्या दोन्ही कार्डांच्या मागे निळं व्हीजीए पोर्ट होतं. या पोर्टला ॲनालॉग सिग्नल लागतो आणि 1050 टीआयच्या चिपमधून तो निघतच नाही. ते निळं पोर्ट दिसलं की पैसे काढायच्या आधी थांबा.

मग डिस्कही तपासल्या. "जवळजवळ नवीन" म्हणून दिलेल्या सीगेटच्या डिस्क, स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या वापराची जी नोंद ठेवते तिच्या, हिशेबाने 40 तासांच्या आत चाललेल्या. हा आकडा पुसून शून्यावर आणता येतो. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची दुसरी नोंद असते आणि ती अनेकदा पुसायची राहून जाते. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीतून ती वाचली, तर एका डिस्कवर 24,000 तासांच्या वर. म्हणजे पावणेतीन वर्षं अखंड. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत असाच प्रकार उघडकीला आला होता. चिया या कूटचलनाच्या मायनिंगमध्ये राबलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात असल्याचा संशय होता. प्रबंधाचा डेटा अशा डिस्कवर ठेवायचा, या विचाराने मला अजून संताप येतो.

व्यापाऱ्याकडे गेलो, तर त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्या पाटीला बिचकू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सोबत डीमेसेजचा फोटो आणि निळ्या पोर्टचा फोटो जोडला. कार्डांचे पैसे त्याने यूपीआयने परत केले. डिस्कबद्दल "तास मोजून कोण विकतं?" म्हणतो आहे, त्यामुळे ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात नेतो आहे.

खरेदीला जाताना उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारा, सोबत ठेवा आणि व्यापाऱ्याच्याच टेबलावर, त्याच्याच मशीनवर तो लावून डीमेसेज वाचा. नंतर आम्ही दुसऱ्या व्यापाऱ्याकडून कार्डं घेतली, त्याने यावर काही खळखळ केली नाही. उलट खुर्ची दिली आणि बिलावर सिरियल नंबर स्वतः वाचून लिहिला.